बघू म्हणाल्या, म्हणजे हो म्हणाल्या

धाराशिव जिल्ह्यात माणसं तुळजाभवानीला जातात, नाहीतर नळदुर्गचा किल्ला बघायला. मी गेले होते लोकसहभाग बघायला. हसू नका. हल्ली तोही बघायला माणसं पाठवतात, आणि त्याला मूल्यमापन म्हणतात.

झालं असं, की एका संस्थेनं (नाव सांगत नाही, त्यांना आणखी प्रसिद्धी कशाला?) अणदूर ते उमरगा या पट्ट्यातल्या पाच गावांचा मिळून एक आराखडा केला. कुठली जमीन कशाला वापरायची, कुठल्या तलावाचं पाणी कुणी घ्यायचं, गुरं-मेंढरं कुठं चारायची, झाडं कुठं लावायची, सगळं त्यात. ‘गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलेला आराखडा’ असं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. गावकरी खरंच एकत्र बसले का, आणि बसले तर त्यांनी काही ठरवलं का, हे जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. मी कोल्हापूरकडची. शेतकी कॉलेजात मुलांना माती शिकवण्यात जन्म गेला, आता निवृत्त आहे. स्वभाव तापट. घरातले सगळे तसं सांगतात, आणि ते ऐकून मी जास्तच तापते. तेव्हा पुढं जे वाचाल ते थंड डोक्यानं लिहिलेलं नाही. परत येऊन आठवडा होत आला, पण डोकं काही थंड व्हायचं नाव घेत नाही.

सोलापूर सोडल्यावर

सोलापूरला मला घ्यायला सुहास आला होता. सुहास म्हणजे या आराखड्याचा समन्वयक. चाळिशीचा, खादीचा कुर्ता, गळ्यात कॅमेरा, आणि तोंडात सारखं ‘सुंदर’. रस्ता सुंदर, हवा सुंदर, म्हशी सुंदर. वाटेत जो भेटेल त्याला काका, जी भेटेल तिला मावशी. मुलगा वाईट नव्हता, हे सांगून टाकते, कारण पुढं मी त्याला बरंच बोलणार आहे.

पौष महिना होता. हैदराबादच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंना माळ सुरू झाला. आमच्याकडं कुठंही बघा, ऊस आडवा येतो, पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर जाईल तेवढं रान. मध्येच ज्वारीचा हिरवा तुकडा, मध्येच द्राक्षाची बाग, मग परत दगड, खुरटं गवत, एखादी बोर. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, चहाला थांबेपर्यंत मी खुशीत होते.

नळदुर्गच्या अलीकडं एका टपरीवर थांबलो. चहा आला तो अंगठ्याएवढ्या कपात. "आमच्याकडं एवढा चहा मांजरालाबी देत नाहीत," मी टपरीवाल्याला म्हटलं.

"ताई, इथं पाण्याची मारामार हाय," तो म्हणाला. "कप ल्हान, पर चारदा पिवा की. कोण नगं म्हंतंय?"

दुसरा कप हातात असताना सुहास म्हणाला, "मॅडम, सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, या सगळ्या प्रक्रियेत एकही वाद झाला नाही. पाच गावं, सगळ्या जाती, सगळे थर. एकही वाद नाही. फार सुंदर झालं सगळं."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझे दोन सख्खे चुलते बांधावरच्या एका बाभळीपायी जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत. एक वारला तेव्हा दुसरा स्मशानात आला, पण बाभळीकडं बघत आला. आणि इथं पाच गावांनी जमीन, पाणी, चराई सगळं वाटून घेतलं, आणि कुणी कुणाची आईमाई काढली नाही? एक तर इथं सगळी देवमाणसं राहत असली पाहिजेत, नाहीतर कुणी काही वाटून घेतलेलंच नसलं पाहिजे.

सुमनताईंकडं

माझी राहायची सोय सुमनताईंकडं केली होती. त्यांच्या गावाचं नाव देत नाही, अणदूरहून फार लांब नाही एवढं पुरे. सुमनताई पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. घरची द्राक्षबाग, थोडी ज्वारी, आणि आवाज असा की विहिरीवरची मोटार चालू असली तरी बांधापलीकडं ऐकू जावा. हातपाय धुऊन होतात न होतात तोच ताट पुढ्यात आलं. ज्वारीची भाकरी, चुक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, तिच्यावर करडईचं कच्चं तेल. मी तांदळाच्या नाही तर ज्वारीच्याच भाकरीवर वाढलेली, पण इथली ज्वारी गोड. आमच्या उसाच्या पट्ट्यात ज्वारी आता दुकानातून येते, तिला ही चव कुठली?

दुसरी भाकरी ‘नको’ म्हटलं, तर बाई खरोखर दुखावल्या. "नगं म्हंता व्हय? आमच्यात असं तोंडावर म्हणत न्हाईत. ‘घेते की’ म्हणायचं आन् ताट सरकवायचं."

मी मुकाट्यानं ‘घेते की’ म्हटलं आणि ताट सरकवलं. तरी भाकरी पडलीच.

तेवढ्यात शेजारीण आली, फवारणीचा पंप मागायला. सुमनताई गोड हसल्या. "बघू की. ह्यांना इचारते." शेजारणीनं चहा घेतला, पोराबाळांची चौकशी केली, आणि हसतमुखानं रिकाम्या हाती गेली.

"देणार पंप?" मी विचारलं.

"छ्या! मागच्या टायमाला नोझल मोडून आणला तिनं. पर दारात येऊन मागायली, तर न्हाय कसं म्हणावं? दारातल्या माणसाला न्हाय म्हणू नये."

"तिला कळलं का पण, देणार नाही ते?"

सुमनताईंनी माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई कॉलेजात शिकवत होती म्हणे. "न कळायला ती काय ल्हान हाय का?"

उन्हं उतरल्यावर त्यांनी मला समाजमंदिराच्या भिंतीवरचा नकाशा दाखवला. पाच गावं, तलाव, ओढे, सगळं ऑइलपेंटमध्ये. गावच्या माळावर हिरवा रंग आणि वर अक्षरं, ‘बंद कुरण व वनीकरण’. माळाच्या खालच्या अंगाला निळा तलाव, तिथून एक जाड निळी रेघ थेट द्राक्षबागांकडं. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. एवढ्या मोठ्या आराखड्याचा तेवढाच भाग गावाच्या उपयोगी पडत होता.

"सभेला होता तुम्ही?"

"हुते की. भजी लई चांगली हुती."

"आणि ठरलं काय?"

"ठरायला काय, ते ठरवूनच आलते. त्येंनी सांगितलं, आमी ऐकलं. मग बायांना म्हणले, नकाशात रंग भरा. भरले. कुठं कुठला रंग भरायचा ते आधीच पेन्सिलीनं लिवलेलं हुतं."

मी भिंतीजवळ जाऊन बघितलं. हिरव्या रंगाखाली पेन्सिलीचा ‘हि’ अजून दिसत होता. लहान मुलांच्या चित्रकलेच्या वहीत असतं तसं! माझ्या कानशिलात ठणका सुरू झाला तो तिथून.

"या निळ्या रेघेच्या पाइपातून पाणी तुमच्या बागेला येणार ना?"

"येईल म्हंतेत. मला पायजे बी हाय, खोटं कामून बोलू? पर माळ बंद झाला तर बायडाकाकूची मेंढरं पाण्याला कुठनं जायची? ती मेंढरं सुगी झाली की आमच्या रानात बसत्यात, त्येंच्या लेंडीवर आमची ज्वारी येती."

"मग भांडला का नाही तुम्ही?"

"कुणासंगं भांडू?" सुमनताईंचा आवाज चढला. "काकूसंगं भांडले असते की पाण्यावरनं! दोगींनी भांडून भांडून कायतरी वाट काढली असती. पर मधी हे बसलेले भजी घिऊन. भांडू तरी दिलं का आमाला?"

माळावर

दुसऱ्या दिवशी सुहासबरोबर माळावर गेलो. पहिली दिसली ती खांबांची रास. सिमेंटचे खांब, शेजारी काटेरी तारेची भेंडोळी.

"हे काय?"

"कुंपणाचं साहित्य, मॅडम. वेळेत यावं म्हणून आधीच मागवलं."

"पण पाच गावांची शेवटची सभा अजून व्हायची आहे ना, उमरग्याला?"

"हो, ती मंजुरीची. औपचारिकता आहे फक्त."

औपचारिकता! लोकांनी ठरवायचं, ते ठरवायच्या आधीच खांब येऊन पडायचे, आणि ठरवणं ही औपचारिकता. मी तोंड उघडणार तेवढ्यात एक काळं कुत्रं सुसाट आलं आणि त्यानं माझा पदर धरला. मी कोल्हापुरी शिव्यांचा पट्टा सुरू केला. सुहास कधी खांबांच्या राशीवर चढला कळलंच नाही. वरून तो कुत्र्याला ‘बाळा, बाळा’ म्हणत होता. मग कुठून तरी जिभेचा नुसता टक् असा आवाज आला आणि कुत्रं पदर सोडून शेपूट हलवायला लागलं. पदराची किनार मात्र गेली.

टक् करणाऱ्या त्या बायडाबाई. साठी ओलांडलेल्या, काटक, पायात टायरच्या चपला, हातात काठी. त्यांची दोन्ही मुलं मोठा कळप घेऊन लांबच्या रानात बसायला गेली होती. गाभण आणि लेकुरवाळ्या मेंढ्या तेवढ्या मागं ठेवल्या होत्या, कारण त्यांना फार चालवत नाहीत. चारायचं माळावर, दुपारी माळ उतरून तलावावर पाणी पाजायचं, की परत वर. माळाला कुंपण पडलं तर चराई गेलीच, शिवाय तलावाला पूर्ण गावाचा वळसा. लेकुरवाळी मेंढी एवढी चालली की दूध आटतं, आणि दूध आटलं की कोकरं जगत नाहीत. हे मी माती शिकवणारी असून मला उभ्या उभ्या दिसलं. संस्थेतल्या लोकांना दिसलं नाही असं मी मानत नाही.

बायडाबाईंनी माळावरच्या आपल्या झोपडीच्या दारात घोंगडं अंथरलं, बसवलं, पितळी पेल्यात शेळीचं दूध दिलं. माझा फाटका पदर हातात घेऊन कुत्र्याला रागावल्या. दूध प्यायल्यावर मी विचारलं, "बायडाबाई, हा माळ बंद करायचं चाललंय, माहीत आहे ना?"

"सांगितलं ह्या दादांनी. झाडं लावणार म्हणं. झाड चांगलंच की."

"मग मेंढरं पाण्याला कुठून नेणार?"

त्यांनी तलावाकडं बघितलं, सुहासकडं बघितलं, मग माझ्या पेल्याकडं. "सपलं का? आनखी देऊ?"

"नको. म्हणजे, घेते की. बायडाबाई, माळ बंद करायचं तुम्हाला मान्य आहे का?"

त्या हसल्या. ओळखीचं हसू होतं ते, आदल्या दिवशी सुमनताईंच्या तोंडावर बघितलेलं. "बघू की, बाई," म्हणाल्या, आणि पेला परत भरला.

"बघा मॅडम!" सुहास खूश होऊन म्हणाला. "प्रत्येक वेळी हाच सकारात्मक प्रतिसाद. तीनदा विचारलं आम्ही, तिन्ही वेळेला. व्हिडिओ आहे माझ्याकडं." आणि त्यानं खरंच मोबाइल काढून दाखवला. तेच घोंगडं, तोच पेला, तेच हसू. ‘बघू की, दादा.’ खाली संस्थेनं मथळा टाकलेला, ‘मेंढपाळ कुटुंबांची संमती’.

बायडाबाईंच्या दारात मी गप्प बसले. गाडीत बसल्यावर नाही.

"सुहास, तुझ्या घरात कुठली भाषा बोलतात?" अहो-जाहो माळावरच सांडलं होतं.

"मराठीच, मॅडम."

"मग ‘बघू’ म्हणजे काय?"

"म्हणजे... विचार करू. दार उघडं आहे, असं."

"तुझं लग्न जमायच्या आधी एखाद्या मुलीकडच्यांनी ‘बघू, कळवतो’ म्हटलं असेल की नाही?"

तो कॅमेऱ्याचं झाकण काढ-घाल करायला लागला.

"म्हटलं होतं का?"

"एकदोनदा म्हटलं होतं."

"मग तू मंडप घातलास?"

ड्रायव्हरला अचानक खोकल्याची उबळ आली. सुहास लाल झाला. "पण मॅडम, त्या नाही म्हणाल्या नाहीत!"

"तीनदा म्हणाल्या! तू तीनदा विचारलंस, त्या तीनदा नाही म्हणाल्या, आणि तू तीनदा त्याचं शूटिंग केलंस!"

मला सांगा, मराठी घरात वाढलेलं असं कोण आहे, ज्याला ‘बघू’ कळत नाही? मी सायकल मागितली, वडील म्हणाले बघू. मी त्याच दिवशी समजले की सायकल नाही. जावेनं पैठणी नेसायला मागितली, मी म्हटलं बघू. जाऊ अजून फुगलेली आहे. साता समुद्रापलीकडून कुणी आलं असतं तर मी त्याला समजावून सांगितलं असतं. हा मराठी बोलत वाढलेला माणूस! त्याला कळत नव्हतं असं नाही. कळून घेतलं असतं तर खांब परत न्यावे लागले असते, म्हणून कळत नव्हतं. अज्ञानाचा मला राग येत नाही, तीस-पस्तीस वर्षं मी अज्ञानावरच पोट भरलं. सोयीच्या बहिरेपणाचा येतो. समोरच्या बाईची माणुसकी तिच्याच विरुद्ध वापरायची, आणि वर तिला मावशी म्हणायचं!

अणदुरात देव घरी नव्हता

मी धुमसतेय हे बघून सुमनताई म्हणाल्या, "चला, अणदूरला खंडोबाला जाऊन येऊ. भंडारा लावला की डोस्कं थंड हुतंय."

गेलो. भंडारा लावून घेतला. गाभाऱ्यात डोकावले तर मूर्ती नाही.

"अहो, देव कुठं गेला?"

"नळदुर्गाला," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "ह्या दिवसांत तिकडं असतोय."

"मग आणलंत कशाला मला इथं?"

"आमी इकडंच येतो. देव न्हाय म्हणून काय देऊळ उठून गेलं का?"

पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. एकच देव, आणि तो दोन गावांचा. थोडे दिवस नळदुर्गला, बाकीचं वर्ष अणदूरला. पालखी हलायच्या आधी दोन्ही गावांची माणसं समोरासमोर बसतात, करार करतात, मग देव या गावातून त्या गावात जातो. आमच्या जोतिबाला असं वाटून घ्यायचं कुणाच्या मनात आलं असतं तर अर्ध्या कोल्हापूर जिल्ह्याची डोकी फुटली असती.

"भांडणं नाही होत?"

"भांडल्याबिगर कुठं वाटणी हुती, ताई? भांडायचं, तोंडावर बोलायचं, मग ठरवायचं. एकदा ठरलं की देवबी मोडत न्हाय ते."

त्या पायरीवर बसून मला माझ्या अहवालाचं पहिलं वाक्य सापडलं. जिथं कुणी आवाज चढवला नाही, तिथं जमिनीचं आणि पाण्याचं काहीही ठरलेलं नसतं. एकही वाद झाला नाही, हे सुहास अभिमानानं सांगत होता, तोच त्याच्या आराखड्याविरुद्धचा पुरावा होता. डोकं मात्र थंड झालं नाही. भंडारा चांगला होता, त्याचा दोष नाही.

निघताना सुमनताई म्हणाल्या, "उमरग्याच्या सभेला म्या काकूला घिऊन येते. वाटंत तिला एक सांगायचं हाय मला."

"काय?"

"ते आमचं आमी बघू," असं म्हणून त्या हसल्या, आणि मी पुढं विचारलं नाही. इथं चार दिवस राहून एवढं मला कळायला लागलं होतं.

उमरगा

उमरगा म्हणजे हमरस्त्यावरचं गाव. हैदराबादकडं जाणारे ट्रक, डॉक्टरांच्या पाट्यांवर पाट्या, बाजारात कानावर अर्धं मराठी, अर्धं कानडी. सभा एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर लग्नाचाच झगमगता पडदा, त्याच्यावर बॅनर, ‘आमची जमीन, आमचं पाणी, आमचा निर्णय’. शाल-श्रीफळ झालं, दीपप्रज्वलन झालं, पनीरचा वास सुटला. संस्थेचे प्रमुख पुण्याहून आले होते. पांढरे केस, मऊ आवाज, प्रत्येकाला ‘आपण’. पाच गावांची माणसं बिल्ले लावून बसली होती. बायडाबाई पहिल्या रांगेत, शेजारी सुमनताई.

चहा आला, बायडाबाईंनी हात आडवा केला. पाणी आलं, तेही घेतलं नाही. मला वाटलं उपास असेल.

प्रमुखांनी ठराव वाचला. माळ बंद, वनीकरण, तलावाचं पाणी बागांना. "सर्वांना मान्य?" असं विचारून स्वतःच टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. सुहासला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्याला फोटो हवा होता. तो माइक घेऊन खाली आला. "आता आपल्या बायडामावशी आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील."

बायडाबाई उभ्या राहिल्या. माइक कसा धरायचा ते सुहासलाच विचारलं. पदर सारखा केला.

"दादा, तुमी माझ्या दारात आलता," त्या म्हणाल्या. "उन्हाचं आलता. म्या घोंगडं टाकलं, दूध दिलं. तुमी इचारलं, माळ बंद करू का. दारातल्या माणसाला न्हाय कसं म्हणावं? म्या ‘बघू’ म्हणले. तुमी परत आलाव, परत ‘बघू’ म्हणले. आज म्या तुमच्या दारात आले. तुमचं पाणीबी पिले न्हाय. आता सांगते. न्हाय."

मागं भांडी वाजत होती ती थांबली.

"माळ बंद करायचा न्हाय. झाडं लावा कडंनं, म्या राखीन. पर तळ्याची वाट मोडायची न्हाय. माझी कोकरं मरतेत."

तेवढ्यात सुमनताई उठल्या. "आन् पाणी मलाबी पायजे! काकू, तुमी वाट घ्या, पर पाईप माळातनंच जाईल!"

"जाईल कसा? मेंढरं अडखळून पडत्यात!"

"मग पुरू की खाली! कुणी न्हाय म्हणलंय?"

मागून आणखी एक उठला, त्याला ओढ्याचं विचारायचं होतं. शेजारच्या गावच्यानं त्याला खाली बस म्हटलं, त्यानं त्याच्या आजोबाचं काहीतरी काढलं. सुहास ‘कृपया शांतता, कृपया शांतता’ करत रांगांमधून पळत होता. मी खुर्चीवरून ओरडले, "अरे बोलू दे की त्यांना! हीच तुझी सभा! पहिली!" माझ्या आयुष्यात मी एवढ्या समाधानानं कधी ओरडले नसेन.

मग प्रमुखांनी हात वर केला. मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, आपला मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. बघू आपण."

आधी कुणीतरी एकटाच हसला, मग सगळं कार्यालय हसलं. प्रमुखांना वाटलं वातावरण निवळलं, तेही हसले. बायडाबाई हसल्या नाहीत. माइक अजून त्यांच्याच हातात होता.

"कळलं साहेब," त्या म्हणाल्या. "म्या तुमच्या दारात हाय, आन् तुमी ‘बघू’ म्हणलाव. मला एकाच येळंला कळलं. तुमाला तीनदा ऐकून कळंना?"

हसू जागच्या जागी मेलं. त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि सुमनताईंचा हात धरून चालत्या झाल्या. त्यांच्या मागं पहिली रांग उठली, मग दुसरी. पनीर बरंच उरलं.

कोल्हापूर

घरी येऊन मी अहवाल लिहिला. लांबलचक लिहिला, पण त्यातलं महत्त्वाचं वाक्य एकच. मेंढपाळांनी संमती दिलेली नाही, त्यांनी पहिल्यापासून नकारच दिला होता, आणि तो मराठीत दिला होता.

पाठवल्यावर सुहासचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, वरून सांगितलंय. ‘संमती नाही’च्या ऐवजी ‘संमतीची प्रक्रिया चालू आहे’ असं करता येईल का? खांबांचं काम सोमवारी सुरू करायचंय. बघा ना, जमलं तर."

माझी जीभ सवयीनं ‘बघू’कडं वळली होती. अर्ध्यावर आली होती.

"न्हाय," मी म्हटलं.

"काय?"

"न्हाय. आणि याचं रेकॉर्डिंग करून ठेव."

लगेच सुमनताईंना फोन लावला. सोमवारी खांब रोवायला माणसं येणार म्हणून सांगितलं, आता काय करायचं विचारलं. पलीकडून मोटारीच्या वरताण आवाज आला.

"येऊ द्या की! आमी तितंच असणार. काकूचं आन् माझं पाईपाचं भांडण अजून मिटलंय कुठं? आमी दोगींनी सोमवारी माळावर बसायचं ठरवलंय. तमाम बाया येणार हायेत. नीट मधी बसून भांडणार, जितं त्येंना खड्डं काढायचेत तितं."

"मिटेल का एका दिवसात?"

"न्हाय मिटलं तर मंगळवारी बसू. आन् ताई, ह्या डावाला भजी आमी आमची नेणार हाव."